नऊ वर्षे सांभाळलेला अजगर गेला. मनातली टोचणी कशी घालवावी?

प्रश्न (लातूर)
काल पहाटे माझा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान अजगर, गेला. तो ९ वर्षे माझ्याकडे होता आणि केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर त्याची रीतसर नोंदणी होती. ही जात नीट सांभाळली तर २० ते ३० वर्षे जगते, त्यामुळे तो एवढ्यात जाईल असे कधी मनातही आले नव्हते. रात्री वीज गेली होती, बाहेर पारा ११ अंशांवर होता आणि पेटीखालचे हीटिंग पॅड चार तास बंद राहिले. मी मात्र गाढ झोपेत होतो. सकाळी पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळे करून पडलेला तो हाताला गार लागला, आणि तोंडाच्या कडेला एक बारीक बुडबुडा वाळून चिकटलेला दिसला. कापडात गुंडाळून त्याला फ्रीजमध्ये ठेवले आहे, कारण पुरायला मन होत नाही. घरचे वाईट बोलले नाहीत, पण "सापच तो, कुत्रं असतं तर गोष्ट वेगळी" हे दोनदा ऐकले. तो मला ओळखत होता की नाही, हेही सांगता येत नाही. मग हे दुःख नेमके कशाचे?

उत्तर (नांदेड, सर्पमित्र)
पुरण्याची घाई करू नका, आणि त्याला बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नका, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत फारसे काही कळत नाही. उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाबद्दल आजच विचारा. नोंदणीकृत प्राण्याचा मृत्यू विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांनुसार कळवावाही लागतो. तोंडाजवळचा बुडबुडा पाहता मला श्वसनमार्गाच्या संसर्गाची शंका येते. थंडीने तो बळावतो हे खरे, परंतु सहसा तो एका रात्रीत होत नाही. साप आजार लपवतात; त्यातच या जातीचे नर हिवाळ्यात कित्येक आठवडे भक्ष्य नाकारतात, म्हणून आजारपणातले न खाणेही ऋतूचेच वाटते. मी पकडलेले देशी साप सोडून देतो, कारण ते पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे; तरीही रस्त्यावर चिरडलेली धामण उचलताना माझा हात आजही जड होतो.

उत्तर (जालना जिल्हा)
दादा, आमच्या बांधावर सात-आठ वर्षे एक धामण होती. ज्वारीच्या कणग्यांजवळ उंदीर टिकत नसे, म्हणून सासरे तिला राखणदार म्हणत. परसातल्या भाजीवर टाकलेल्या जाळीत ती अडकली. नायलॉनचा दोरा खवल्यांखाली इतका रुतला होता की कात्रीचे टोक आत जाईना, आणि सुटेपर्यंत तिचा जीव गेला. जाळी मीच टाकली होती. पंचमीला आम्ही चिरत नाही, तळत नाही, दिंड उकडतो आणि नागाला भाऊ म्हणतो, पण त्या दिवशी रडले तर शेजारणींना नवल वाटले. ती मला ओळखत नव्हती. मी तिला ओळखत होते, तिची उन्हाला येण्याची जागा, तिची वेळ. तुम्ही तर ९ वर्षे रोज पाणी बदललेत. जाळी आता जमिनीपासून हातभर वर बांधते. टोचणी गेली नाही, पण हाताला काम मिळाले.

प्रश्नकर्ता (लातूर), अकरा दिवसांनी
अहवाल आला. फुफ्फुसातला संसर्ग कित्येक दिवसांचा होता. वीज गेली त्या रात्रीचा दोष थोडा हलका झाला, पण त्याच्या वहीत नोव्हेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात तीनदा "आज खाल्ले नाही" असे लिहिलेले आहे, आणि तिसऱ्या नोंदीपुढे "थोडी घरघर?" असेही. मृत्यूची नोंद केली. आईने मागच्या अंगणात कडुनिंबाखाली स्वतः खड्डा खणून दिला. त्याची शेवटची कात, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट, वहीत ठेवली आहे. नांदेडच्या दादांना एक विचारायचे आहे: पेटी आणि पॅड एखाद्या नोंदणीकृत पाळणाऱ्याला देता येईल का? रिकामी पेटी रात्री पाहवत नाही.