चार पदरी मेनूत चुकीच्या कंपनीची वायर बिलात येते

प्रश्न:

मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिक मालाच्या होलसेल दुकानासाठी मी बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिलाय. विंडोजवर चालतो, सगळे मेनू मराठीत. वरच्या पट्टीत ‘माल’, त्यात वायर, स्विच, एमसीबी, पंखे. वायरवर गेलं की कंपन्या, कंपनीवर गेलं की जाडी (१, १.५, २.५, ४ चौरस मिमी), जाडीवर गेलं की रंग. माल जसा फळ्यांवर लावलाय तसाच मेनूत लावला, म्हणजे शोधायला सोपा जाईल असं वाटलं होतं.

काल दुपारी काउंटरमागे उभी राहून पाहिलं. बिलं करणारे मेहताजी साठीच्या पुढचे. माऊसला जागा म्हणजे बिलबुक आणि कॅल्क्युलेटरच्या मधली वीतभर काच. ‘अडीच लाल, दोन कॉइल’ अशी ऑर्डर आली. कंपनीपर्यंत नीट पोचले. जाडीच्या यादीत तिसऱ्या ओळीकडे जाताना हात तिरका गेला, खालच्या कंपनीला चाटून, आणि अख्खी यादी त्या कंपनीची झाली. जाड्या दोन्हीकडे त्याच, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. बिल भलत्याच भावाने निघालं. गिऱ्हाईकाने दाखवल्यावर मला म्हणाले, “बेटा, नजर गेली माझी.” त्यांची नजर चांगली आहे हो. चूक माझ्या मेनूची आहे आणि ते स्वतःवर घेतायत, हे काही मला सहन होत नाही.

मोठा फॉन्ट हवा म्हणून विंडोजचा तयार मेनू न वापरता मी स्वतःच कोडने रेखाटलाय. काम पटपट व्हावं म्हणून उपमेनू उघडायचा विलंब शून्य ठेवलाय. काय बदलू?

उत्तर १:

ताई, दुखणं त्या शून्यातच आहे. विंडोजचा स्वतःचा मेनू उपमेनू उघडण्याआधी ४०० मिलिसेकंद थांबतो. तेवढ्यात हात शेजारच्या ओळीवरून निघून गेला तर आधीची यादी जागेवर राहते. तुम्ही ती सवलतच काढून घेतलीत.

पण नुसता विलंब वाढवलात तर मेनू जड वाटेल. ॲपलमध्ये असताना ब्रूस टोग्नाझिनी यांनी यावर छान तोड काढली होती. माऊस आत्ता जिथे आहे तो एक बिंदू, आणि उघड्या उपमेनूच्या जवळच्या कडेचे वरचा-खालचा असे दोन कोपरे. या तिघांचा त्रिकोण धरायचा. माऊस त्रिकोणात राहून पुढे सरकतोय तोवर मधल्या ओळींकडे दुर्लक्ष करायचं. त्रिकोणात थांबला, किंवा बाहेर पडला, तरच नवी ओळ उघडायची. मोजून वीस-पंचवीस ओळींचा कोड आहे.

उत्तर २:

ओळीची उंचीही बघा. अरुंद वाटेतून माऊस न्यायला लागणारा वेळ वाटेच्या लांबीला रुंदीने भागल्यावर जे येतं त्या प्रमाणात वाढतो, हे ॲको आणि झाय यांनी १९९७ मध्ये मांडलं. तुमच्याच गल्लीत हातगाडी घालून बघा म्हणजे पटेल. ओळ २६० पिक्सेल लांब आणि २२ उंच असेल तर भागाकार जवळजवळ १२. उंची ३२ केलीत तर ८.

दुकानातला मॉनिटर जुना, १०२४ रुंदीचा असेल तर चौथी यादी उजवीकडे मावत नाही, उलटी डावीकडे उघडून दुसरीवर बसते. आपल्या ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर हे कधी दिसत नाही.

उत्तर ३:

मला मूळ मांडणीच पटत नाही. मेनू हुकमांसाठी: बिल छापा, परत माल घ्या, दिवसाचा हिशोब. वायर हा हुकूम नाही, तो माल आहे. चार कंपन्या, चार जाड्या, पाच रंग धरले तरी एकट्या वायरचे ८० पर्याय झाले, आणि उद्या नवी कंपनी आली की आणखी वीस. ॲपलची मार्गदर्शक तत्त्वंही उपमेनूची एकच पातळी ठेवा म्हणतात. मेहताजी ‘अडीच लाल’ ऐकतात, तर त्यांना ‘अडीच लाल’च लिहू दे. एक चौकोन द्या, खाली जुळणाऱ्या मालाची यादी, आणि प्रत्येक ओळीत कंपनीचं नाव ठळक.

प्रश्नकर्तीकडून:

तिघांचेही मनापासून आभार. माल मेनूतून पूर्ण बाहेर काढला. मेहताजींचा उजवा हात आकड्यांच्या पॅडवर बसलेलाच असतो, म्हणून चौकोनात आधी जाडी: २.५ टाकलं की रंग आणि कंपन्या समोर, बाणाने खाली, एंटर. भाव शेजारीच दिसतो. माऊसला हात लावायची गरज नाही.

‘हिशोब’ला एक उपमेनू ठेवलाय, तिथे त्रिकोण बसवला, विलंब ३०० केला, ओळ ३४ पिक्सेल. आज सकाळी मुद्दाम तिरका हात नेऊन पाहिला, यादी हलली नाही.

एकच अडलंय. ऑल्ट दाबून चालणारी अक्षरं मी मराठीत दिली होती, ‘हिशोब’च्या ‘ह’खाली रेघ. पण दुकानातला कीबोर्ड बहुतेक वेळ इंग्रजीवरच असतो, मग ‘ह’ लागतच नाही. तूर्त प्रत्येक मेनूपुढे १, २, ३ घातलेत. कुणी मराठी अक्षरंच दोन्ही कीबोर्डवर चालवून दाखवली असतील तर कसं केलंत ते सांगा, मेहताजींना आकड्यापेक्षा ‘ह’ लवकर लक्षात राहतो.