बूलचं बीजगणित आणि आजचं बूलियन बीजगणित

जॉर्ज बूलने १८५४ मध्ये आजच्या संगणकाचं ०-१ चं बीजगणित जसंच्या तसं मांडलं, असं अनेकदा म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो.

बूलच्या पद्धतीत x, y म्हणजे वस्तूंचे गट, गुणाकार म्हणजे दोन्हींतला सामाईक भाग, 1 म्हणजे सगळं आणि 0 म्हणजे काहीच नाही. x + y ला अर्थ होता तो x आणि y मध्ये सामाईक काहीच नसेल तेव्हाच. x + x = x हा नियम त्याने मानला नाही; तो बदल इंग्रज तर्कशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने १८६४ मध्ये केला, आणि माझ्या मते 'आजचं' रूप तिथून सुरू होतं. बूलचा स्वतःचा पाया होता x² = x, म्हणजे गटाचा स्वतःशी सामाईक भाग तोच गट.

त्याची खरी करामत निरसनात, म्हणजे मधलं पद काढून टाकण्यात आहे. 'सर्व x हे y' म्हणजे x(1−y) = 0. 'सर्व y हे z' म्हणजे y(1−z) = 0. बेरीज करा: x − xy + y − yz = 0. आता y = 1 ठेवलं की उरतं 1−z, y = 0 ठेवलं की x. बूलच्या नियमाने या दोन्हींचा गुणाकार शून्य, म्हणजे x(1−z) = 0: सर्व x हे z.

इथे एक जागा हमखास चुकते. समीकरणं थेट बेरजेत घेतली तर ऋण पदं धन पदांना खाऊन टाकतात. x − y = 0 मध्ये y − x = 0 मिळवलं की 0 = 0, सगळी माहिती गायब! म्हणून आधी वर्ग करायचा: (x−y)² = x(1−y) + y(1−x). मग बेरीज बिनधास्त करा.

या बीजगणिताची विद्युत मंडलांशी सांगड अमेरिकी अभियंता क्लॉड शॅननने १९३७ च्या प्रबंधात घातली. बूल १८६४ मध्येच वारला होता.