घोड्याच्या शीतसाठवणीतील वीर्याची गतिशीलता २४ तासांत एवढी का घसरते?

प्रश्न

नमस्कार. आमच्या पैदाशीच्या घोड्याचे वीर्य कृत्रिम योनीत घेतल्यावर जेल (वीर्यातील घट्ट, चिकट भाग) गाळून साधारण ९० मिली मिळते. शुक्राणूंची संख्या दर मिलीला सुमारे ११ कोटी असते आणि ताजे असताना सरळ रेषेत पुढे सरकणारे शुक्राणू जवळपास ७० टक्के दिसतात. ताज्या वीर्याने घोड्या व्यवस्थित गाभण राहतात. मात्र दूधपावडर व ग्लुकोजच्या एक्स्टेंडरमध्ये (शुक्राणू टिकवण्यासाठी वीर्यात मिसळायच्या द्रावणात) तेच वीर्य समप्रमाणात मिसळून ५ अंश सेल्सिअसला ठेवले, की दुसऱ्या दिवशी गतिशीलता २० टक्क्यांवर येते. एक्स्टेंडर बदलून पाहिला, त्यातील प्रतिजैविकही बदलले, तरी फरक पडला नाही. दूरच्या घोडीसाठी वीर्य पाठवायचे असल्याने कोठे लक्ष द्यावे, याचे मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपण दिलेल्या आकड्यांवरून माझा पहिला संशय सेमिनल प्लाझ्मावर, म्हणजे शुक्राणूंभोवतीच्या द्रवावर आहे. वीर्य घोडीच्या शरीरात जाते तेव्हा हा द्रव उपयोगी असतो. पण थंड तापमानात तासन्‌तास त्याच्यात राहिल्यास अनेक घोड्यांचे शुक्राणू लवकर निकामी होतात. समप्रमाणात मिसळल्याने आपल्या मिश्रणात तो निम्मा उरतो, आणि साठवणीसाठी तो साधारण ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो.

मग एक्स्टेंडरच अधिक घालावा, असे कोणालाही वाटेल. परंतु आपल्या घोड्याचे वीर्य मुळातच पातळ असल्याने ते जमणार नाही. एकास नऊ मिसळल्यास दर मिलीला जेमतेम १.१ कोटी शुक्राणू उरतील. शीत वीर्याच्या मात्रेत १०० कोटी गतिशील शुक्राणू धरण्याचा प्रघात आहे, आणि तेवढ्यासाठी घोडीच्या गर्भाशयात सुमारे १३० मिली द्रव सोडावा लागेल. म्हणून सेंट्रिफ्यूज करणे, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून शुक्राणू तळाशी बसवणे, हाच मार्ग आहे. वीर्य ३७ अंशांच्या एक्स्टेंडरमध्ये समप्रमाणात मिसळून ५० मिलीच्या नळ्यांत ४०० ते ६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) बलाने १० मिनिटे फिरवावे, वरचा द्रव अलगद काढून प्रत्येक नळीत सुमारे ३ मिली ठेवावा आणि तळाशी बसलेले शुक्राणू नव्या एक्स्टेंडरमध्ये हळुवार मिसळून दर मिलीला ५ कोटी एवढी संख्या राखावी. यंत्रावरील फेऱ्यांचा आकडा दुसऱ्याच्या पद्धतीतून जसाच्या तसा उचलू नये, कारण बल रोटरच्या त्रिज्येवर ठरते. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर ५०० जीसाठी मिनिटाला साधारण १७०० फेऱ्या लागतात. काही शुक्राणू वरच्या द्रवाबरोबर जातात, तेवढी घट गृहीत धरावी.

निष्कर्ष काढण्यापूर्वी एकाच वेळी घेतलेल्या वीर्याचे दोन भाग करून एक जुन्या पद्धतीने आणि दुसरा सेंट्रिफ्यूज करून ठेवावा. वेगवेगळ्या दिवशीच्या वीर्याची तुलना केल्यास कारण हाती लागत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु आपण वीर्य थंड कसे करता आणि दुसऱ्या दिवशी तपासता कसे, हे प्रश्नात आलेले नाही. साधारण १९ ते ८ अंशांच्या पट्ट्यात घोड्याचा शुक्राणू फार नाजूक असतो. नळी थेट फ्रीजमध्ये ठेवल्यास त्या पट्ट्यातून तापमान झपाट्याने उतरते आणि शुक्राणूंच्या बाह्य पटलांना शीताघात बसतो. असे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पुढे न जाता जागच्या जागी गोल फिरताना दिसतात. हळूहळू थंड करणारी, वीर्यवाहतुकीसाठीच बनवलेली पेटी वापरावी आणि पिशवीतील हवा दाबून काढावी.

तपासणीपूर्वी थोडा नमुना ३७ अंशांवर सुमारे १० मिनिटे ठेवून काचपट्टीही तेवढीच गरम असावी, अन्यथा जिवंत शुक्राणूही मंद दिसतात. दट्ट्याला काळे रबर असलेली सिरिंज साठवणीसाठी वापरू नये, कारण ते रबर शुक्राणूंना घातक ठरू शकते. पाण्याचा किंवा साबणाचा अंशही भांड्यात राहता कामा नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. थंड करण्यासाठी वाहतुकीची पेटीच वापरतो आणि नमुनाही गरम करूनच पाहतो. सांगितल्याप्रमाणे एकाच वीर्याचे दोन भाग केले. २४ तासांनी जुन्या पद्धतीच्या भागात गतिशीलता पूर्वीइतकीच कमी होती, तर सेंट्रिफ्यूज केलेल्या भागात ती ५० टक्क्यांच्या आसपास राहिली. आता हेच वीर्य गोठवून ठेवता येईल, असे समजावे का?

उत्तर १

निकाल वाचून फार समाधान वाटले. तरीही शीत वीर्य टिकले म्हणून गोठवलेलेही टिकेल, असे धरून चालू नये. उत्तम ताजे वीर्य देणाऱ्या काही घोड्यांचे शुक्राणू गोठणे सहन करू शकत नाहीत. सेंट्रिफ्यूजपर्यंतचे काम तेच राहते. त्यानंतर अंड्यातील पिवळा बलक आणि ग्लिसरॉल असलेला गोठवणीचा एक्स्टेंडर घालून अर्ध्या मिलीच्या कांड्या (बारीक नळ्या, स्ट्रॉ) भरतात, त्या द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवतात आणि नंतर उणे १९६ अंशांच्या द्रवात बुडवतात. प्रथम थोड्याच कांड्या गोठवून, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवून पाहाव्यात. सरळ पुढे जाणारे शुक्राणू ३० टक्क्यांपेक्षा कमी निघाले, तर एक्स्टेंडर किंवा गोठवणीचा वेग बदलून पुन्हा चाचणी घ्यावी आणि तोवर मोठा साठा करू नये.

घोड्याची विषाणूजन्य आर्टेरायटिसची (वीर्यातून पसरू शकणाऱ्या रोगाची) तपासणी साठा करण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण हा विषाणू गोठवलेल्या वीर्यातही टिकतो. ज्यांच्याकडे कांड्या जाणार आहेत त्यांना वेळेचेही स्पष्ट सांगावे: वितळलेले शुक्राणू घोडीच्या शरीरात कमी काळ तग धरतात, त्यामुळे बीजमोचनाच्या (अंडाशयातून बीजांड बाहेर पडण्याच्या) १२ तास आधीपासून ६ तास नंतरपर्यंतच रेतन व्हावे लागते, आणि त्यासाठी बीजमोचनाच्या सुमारास दर ६ तासांनी सोनोग्राफी करण्याची त्यांची तयारी हवी.