रे: रे: रे: ऑक्टोबरची डिअर ट्रिप (३५० कशाचे??)

पाठवणार: अभय

मंडळी, गेल्या वर्षीसारखंच. दिवाळीच्या आदल्या वीकएंडला डिअरच्या (हरणाच्या) शिकारीला अलास्कातल्या व्हिटियर बंदरातून बोट काढतोय, मॉन्टॅग्यू बेटावर. शुक्रवारी सोडणार, सोमवारी उचलणार, चार सीट. माणशी ३५० डॉलर, त्यातले ५० मंडळाच्या फंडाला, मीनलशी बोललोय. बीचवर तंबू आधीच लावून ठेवतो, स्टोव्ह आणि दोन कुलर तिथेच असतील, म्हणजे बंदूक आणि स्लीपिंग बॅग घेऊन आलात की झालं. वर डोंगरात डिअर पडलं तर खाली आणायला मी आणि धाकटा आहोतच. फ्लायर जोडलाय, सिएटलच्या मंडळींच्या ग्रुपवर पण टाकलाय.

पाठवणार: कुलकर्णी काका

अभय, तो फ्लायर आधी काढ आणि मग पुढचं वाच.

पैसे घेऊन शिकाऱ्यांना फील्डमध्ये नेणं-आणणं म्हणजे ट्रान्सपोर्टेशन सर्व्हिसेस, त्याला स्टेटचं ट्रान्सपोर्टर लायसन्स लागतं, बोट असो की विमान. ते एकवेळ मिळेल, गाईडसारखी परीक्षा नाही त्याला. पण तू जो तंबू "आधीच लावून ठेवतो" म्हणतोस ना, फील्डमध्ये आधीपासून असलेलं सामान पैसे घेऊन वापरायला देणं हे ट्रान्सपोर्टरला पण चालत नाही, ते गाईड-आउटफिटरचं काम. डिअर खाली वाहून आणणं, सोलणं, मटणाची व्यवस्था, हेही गाईडचंच. म्हणजे तुझ्या एका पॅरेग्राफात तू दोन लायसन्सचा धंदा विनालायसन्स जाहीर केलायस, आणि तेही फोटोसकट.

गेल्या वर्षी आपण तिघंच होतो आणि पेट्रोल वाटून घेतलं होतं. ते वेगळं होतं.

पाठवणार: अभय

> दोन लायसन्सचा धंदा

काका धंदा कुठला हो, वर्गणी आहे ती!! आणि अँकरेजातले एअर टॅक्सीवाले शिकाऱ्यांना नेतातच की, त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे ट्रान्सपोर्टर लायसन्स नाही, मी स्वतः विचारलंय. त्यांना सूट आणि मला नाही, का, तर माझी बोट उडत नाही म्हणून?

पाठवणार: कुलकर्णी काका

हो, अगदी त्यासाठीच. ती सूट फक्त विमानांना आहे, आणि तीही ज्यांचा शिकाऱ्यांचा धंदा "इन्सिडेंटल" आहे त्यांना. म्हणजे नेहमीच्या चार्टर रेटपेक्षा जास्त घ्यायचं नाही आणि शिकाऱ्यांना नेतो अशी जाहिरात करायची नाही. जाहिरात केली की सूट गेली. समजा तुझी बोट उडत असती तरी तुझ्या फ्लायरने तुला खाली आणलं असतं.

आता वर्गणी. कायद्यात कॉम्पेन्सेशनची, म्हणजे मोबदल्याची, व्याख्या आहे, प्रत्यक्ष झालेला खर्च भरून घेणं त्यात येत नाही. इथे तुझं बरोबर आहे. पण मग हिशेब दाखव. ४ × ३५० = १४००. तूच मागे सांगितलंस की दोन फेऱ्यांना साधारण १९० गॅलन लागतं, पाचच्या भावाने ९५० धर. २०० मंडळाला. उरले २५०. ते कशाचे?

पाठवणार: अभय

इंजिनाचं तेल, इम्पेलर, हार्बरची स्लिप, ट्रेलरचे बेअरिंग, व्हिटियरच्या टनेलचा टोल!! बोट पाळून बघा एकदा, मग विचारा २५० कशाचे. हत्ती परवडला.

पाठवणार: मीनल (खजिनदार)

फक्त ५० डॉलरबद्दल लिहितेय. अभयने मला फोनवर "डोनेशन" सांगितलं होतं, शिकारीच्या तिकिटातून कापून येणार हे सांगितलं नव्हतं. आपण ना-नफा म्हणून रजिस्टर्ड आहोत, कमिटीने असं काही पास केलेलं नाही आणि मी ते पैसे घेणार नाही. दिवाळीच्या हॉलचं डिपॉझिट अजून ११ कुटुंबांकडून यायचंय, ते पाठवा, तेवढ्याने फंड भरेल.

पाठवणार: सुहास (फेअरबँक्स)

कायद्याचं काका जाणोत. मी माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी आणि ऑफिसातला एक जण असेच एका बोटवाल्याबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, लायसन्स होतं की नव्हतं तेही आम्ही विचारलं नाही. सोमवारी उचलणार होता, गुरुवारी आला. वारा होता हे खरं, पण सॅटेलाइट फोनवर तो "बघतो" एवढंच म्हणायचा. दोन डिअर सुती गेम बॅगमध्ये घालून निळ्या ताडपत्रीखाली टांगले होते, पाऊस आडवा, बॅगा ओल्या त्या सुकेनातच. तिसऱ्या दिवशी मांडीच्या हाडाजवळ नाक नेलं तर आंबूस वास. सुरीने वरचा थर खरवडत बसलो, कारण इथे खाण्याजोगं मटण टाकून आलं तर तो गुन्हा, शिंगं आणली आणि मांस सोडलं तर आणखीच वाईट. रात्री आतड्यांच्या ढिगावर अस्वल आलं, मॉन्टॅग्यूवर ब्राऊन बेअर आहेत हे लोक विसरतात. तंबूत आम्ही दोघं बंदूक मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणत बसलेलो, त्याला येत नव्हती, मी म्हणत होतो.

मुद्दा असा की लायसन्सवाला असता तर निदान कुणाला कुठे सोडलं हे कागदावर असतं, ट्रान्सपोर्टरला शिकाऱ्यांचा रिपोर्ट द्यावा लागतो.

पाठवणार: पराग (सिएटल)

नमस्कार, मी अभयचा मामेभाऊ, या लिस्टवर पाहुणा. फ्लायर बघून मी आणि दोन मित्र तिकीट काढायच्या बेतात होतो. एक शंका. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, एक मित्र एच-१बी वर, एक सिटिझन. कुठेतरी वाचलं की जवळचा नातेवाईक अलास्काचा रहिवासी असेल तर गाईड लागत नाही. अभय चालेल ना?

पाठवणार: कुलकर्णी काका

परागराव, बरं झालं विचारलंत, तिकीट काढू नका.

नातेवाईकाची भानगड ब्राऊन बेअर, डॉल शीप (डोंगरी मेंढी) आणि माउंटन गोट यांच्यासाठी. बाहेरच्या स्टेटच्या अमेरिकन नागरिकाला या तिघांना गाईड लागतो, किंवा अलास्कात राहणारा, १९ वर्षं पूर्ण झालेला, सेकंड डिग्रीतला नातेवाईक बरोबर लागतो. मामेभाऊ त्यात बसत नाही. पण डिअरसाठी नागरिकाला मुळात गाईडच लागत नाही, म्हणजे तुमचा तो सिटिझन मित्र मोकळा.

स्टेटच्या भाषेत नॉनरेसिडेंट एलियन म्हणून परदेशी नागरिकांचा एक वर्ग आहे, तुम्ही दोघं त्यात बसता का ते आधी फिश अँड गेम खात्याला विचारा. त्या वर्गाला कुठल्याही बिग गेमला, म्हणजे मोठ्या जनावराच्या शिकारीला, लायसन्सवाला गाईड पाहिजेच, आणि डिअर इथे बिग गेममध्ये येतं. लायसन्सची फी सुद्धा वेगळी, नागरिकाला १६० तर त्या वर्गाला ६३०. गंमत अशी की इथे अँकरेजात वर्षभर बिऱ्हाड करून राहिलेला ग्रीन कार्डवाला रेसिडेंट धरला जातो आणि त्याला डिअरला कुणी विचारत नाही. एच-१बी वाल्या मित्राला बंदूक हातात घेण्याचाच फेडरल कायदा आडवा येतो, शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर सूट आहे, नसेल तर नुसती धरायची पण नाही.

पाठवणार: शुभाताई

> मामेभाऊ त्यात बसत नाही

मेहुणा बसतो मात्र! मी ती यादी वाचलीय, आमच्या ह्यांच्या भावाच्या वेळी. आईवडील, भावंडं, मुलं, आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे, सावत्र सगळे, आणि ब्रदर-इन-लॉ. आता इंग्रजीत दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा सगळे एकाच पोत्यात. दीर तर नक्की चालला, आम्ही नेला. साडूचं काय? नवऱ्याचा साडू म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, तो पुढच्या वर्षी शीपला यायचं म्हणतोय.

पाठवणार: सुहास (फेअरबँक्स)

ताई साडूला शीप कशाला, त्याला दोन जिने चढून धाप लागते, तुम्हीच सांगितलं होतं.

पाठवणार: शुभाताई

तो प्रश्न वेगळा. नात्याचं विचारतेय मी.

पाठवणार: कुलकर्णी काका

फिश अँड गेमच्या ऑफिसात फोन करून विचारा आणि लेखी उत्तर मागा. साडूवर मी पैज लावणार नाही.

पाठवणार: अनघा

मी शाकाहारी आहे आणि गप्प बसायचं ठरवलं होतं. पण मंडळाच्या लिस्टवर दिवाळीच्या आठवड्यात आतडी, मांडीचं हाड आणि आंबूस वास? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, इथे येऊन तेच करायचं का? फराळाच्या ऑर्डरचा धागा याच्याखाली गाडला गेलाय. चकली अर्धा पौंड की एक, ते आज रात्रीपर्यंत कळवा.

पाठवणार: बाळ्या (वासिला)

अनघाताई चकली एक पौंड.

बाकी शिकार बंद म्हणजे, आमच्या राजापूरकडे आजोबांकडे ठासणीची होती, शेतसंरक्षणाचा परवाना, डुकरं आणि माकडं भातात शिरायची म्हणून. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरांना ते बरोब्बर कळायचं असं आजोबा म्हणायचे. आचारसंहिता संपेपर्यंत वरचा कुणगा साफ. तेव्हा परवाना हा विषय आपल्याला नवीन नाही.

मला अभयचं पटतं एका बाबतीत, की हे सगळे नियम जुन्या गाईड लोकांनी आपला एरिया राखायला करून घेतलेत.

पाठवणार: कुलकर्णी काका

बाळ्या, अर्धं खरं. पूर्वी गाईडांना लायसन्स देणारं स्टेटचं बोर्ड एकेका गाईडला एक्स्लुझिव्ह एरिया वाटून द्यायचं, दुसऱ्याने तिथे गाईडिंग करायचंच नाही. ते १९८८ मध्ये अलास्काच्या सुप्रीम कोर्टाने ओव्सिचेक केसमध्ये उडवलं, कारण घटनेत लिहिलंय की जंगली जनावरं नैसर्गिक अवस्थेत सगळ्यांच्या सामायिक उपयोगासाठी आहेत. आता स्टेटमध्ये गाईड जास्तीत जास्त तीन एरियांत नाव नोंदवू शकतो, पण ते त्याच्या एकट्याचे नसतात. हां, फेडरल रेफ्यूजवर (अभयारण्यात) स्पर्धेने परमिट देतात, तिथे कमी लोक. आणि मॉन्टॅग्यू च्युगॅच नॅशनल फॉरेस्टमध्ये येतं, तिथे धंदा करायचा तर फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिट वेगळं. हे अभयला मी अजून सांगितलंच नव्हतं.

जाता जाता, प्रिन्स विल्यम साउंडमधली ही डिअर मुळात तिथली नाहीतच, १९१६ ते १९२३ च्या दरम्यान आणून सोडलेली.

पाठवणार: बाळ्या (वासिला)

म्हणजे आपल्यासारखीच, आणि वर्षभर राहिली म्हणून रेसिडेंट.

एक्स्लुझिव्ह एरिया वरून आठवलं, गणपतीचं केटरिंग पण दहा वर्षं एकाच घरात आहे. ते कुठल्या कोर्टात न्यायचं?

पाठवणार: मीनल (खजिनदार)

बाळ्या, पुढच्या गणपतीला १२० माणसांचे मोदक तू कर, मी आजच राजीनामा देते. वेगळा धागा उघड.

पाठवणार: अभय

ठीक आहे. काल रात्री झोप नाही लागली म्हणून सगळं परत वाचलं. काका, तुम्ही एक लिहिलं नाहीत ते धाकट्याने शोधून दाखवलं, लेसी ॲक्ट. स्टेटचा नियम मोडून मारलेलं मटण परागच्या मित्राने कुलरमध्ये घालून सिएटलला नेलं की मामला फेडरल होतो, आणि अशा बेकायदा शिकारीसाठी पैसे घेऊन सेवा देणं हेच जनावर विकल्यासारखं धरतात म्हणे. अडीचशे डॉलरसाठी एवढं नको. शिवाय माझं कोस्ट गार्डचं सिक्स-पॅक, म्हणजे भाड्याने सहा माणसं नेण्याचं लायसन्स, गेल्या वर्षी संपलंय, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे भाड्याने एक माणूससुद्धा बसवता येत नाही.

तर असं ठरवलंय. फ्लायर दोन्हीकडून काढला. तंबू लावून ठेवणार नाही, ज्याने त्याने आपला आणायचा, स्टोव्ह पण. बोट मी माझ्या शिकारीसाठी काढतोय, काका आणि सुहास बरोबर, पेट्रोलची पावती हार्बरवरच तीन भागात. उरलेलं माझं मी बघतो, इम्पेलरसकट. पराग, तू ये, बंदूक नको, बोटीवर राहा, रॉकफिश धर, त्याला गाईड लागत नाही पण फिशिंग लायसन्स काढ. तुझ्या सिटिझन मित्राला जायचंच असेल तर लायसन्सवाल्या ट्रान्सपोर्टरची नावं बोर्डाच्या साइटवर शोधता येतात, त्यातला बघ, आणि उचलायला उशीर झाला तर काय ते आधी विचार.

पुढच्या वर्षी ट्रान्सपोर्टरचं लायसन्स काढायचं म्हणतोय. तेव्हा मग फ्लायर टाकेन आणि काका तो आधी तुम्हाला दाखवेन.

पाठवणार: कुलकर्णी काका

सुहासचं मला माहीत नाही, मी येतो. डोंगरातून माझं डिअर खाली आणायला धाकटा चालेल ना, फुकट? गुडघा दुखतो.

पाठवणार: सुहास (फेअरबँक्स)

मीही येतो, पण गुरुवारचा पण शिधा घेऊन. शुक्रवारी टनेलला कितीला भेटायचं?

पाठवणार: अभय

आपल्या बाजूने दर तासाच्या साडेला सोडतात, व्हिटियरकडून ठोक्याला. साडेसातचा पकडू. सव्वासातला रांगेत पाहिजे, गेल्या वेळी काका चहा घेत बसले आणि पूर्ण तास गेला.

पाठवणार: अनघा

अभय, तुमची चकली राहिली. अर्धा की एक?