किसान सन्मान निधीचे कोरोनाकाळातले हप्ते परत मागितले आहेत, मार्गदर्शन हवे

नमस्कार. माझे वडील नागपूर जिल्ह्यातील अल्पभूधारक संत्रा बागायतदार असून सातबारा २०१९ च्या बऱ्याच आधीपासून त्यांच्याच नावावर आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे दोन-दोन हजारांचे हप्ते त्यांच्या खात्यात जमा होत असत. आता तहसील कार्यालयाची नोटीस आली असून, ते आयकरदाते असल्यामुळे अपात्र ठरतात, म्हणून आजवर मिळालेली सगळी रक्कम शासनजमा करावी, असे तीत म्हटले आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की, रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून त्यांनी मुदत ठेव ठेवली होती. त्या वर्षी तिचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले आणि व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी बँकेत द्यायचा १५-एच अर्ज दिलेला नसल्याने बँकेने उगमस्थानी कर कापून घेतला. तो परत मिळावा एवढ्यासाठीच २०२०-२१ या कर निर्धारण वर्षाचे विवरणपत्र भरले. करदायित्व शून्य निघाले आणि कापलेली रक्कम पूर्ण परत आली. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मागील कर निर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला, अशा व्यक्ती अपात्र आहेत; नुसते विवरणपत्र भरणाऱ्यांचा उल्लेख मला तरी आढळला नाही. यादी बहुधा पॅन आणि आधार जुळवून तयार झाली असावी आणि त्यात हा फरक सुटला असावा, असा माझा अंदाज आहे. शिवाय आक्षेप एकाच वर्षाचा असताना २०१९ पासूनच्या सर्व हप्त्यांची वसुली कशी होऊ शकते?

दुसरी बाब अधिक गोंधळाची आहे. कार्यालयात तोंडी असे सांगण्यात आले की, 'कोरोनाची मदत' वेगळी भरावी लागेल. टाळेबंदीत वाहतूक ठप्प होऊन मृग बहाराची संत्री झाडावरच राहिली होती, तेव्हा ते दोन हजार उपयोगी पडले हे खरे. परंतु २६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर करताना एप्रिलमध्ये देऊ केलेली ही रक्कम वर्षाच्या ६,००० रुपयांतलाच पहिला हप्ता होता, जादा अनुदान नव्हते. गावात मात्र सगळे त्याला 'कोरोनाचे पैसे' म्हणतात आणि कार्यालयानेही तेच उचललेले दिसते. तसे असेल तर एकच हप्ता दोनदा वसूल होईल. आईच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून २०२० या काळात दरमहा आलेले ५०० रुपयेही यात धरणार का, अशी धास्ती घरात आहे. ती मदत महिला खातेदारांसाठी होती आणि तिचा सातबाऱ्याशी संबंध नव्हता.

ज्यांना अशीच नोटीस आली होती त्यांनी, किंवा महसूल अथवा करविषयक कामाचा अनुभव असलेल्यांनी, कृपया सांगावे: तहसीलदारांकडे लेखी हरकत देताना विवरणपत्राची पोच, परताव्याची नोंद असलेले २६-एएस (आयकर विभागाचे करकपातीचे वार्षिक विवरण) आणि बँक पासबुकाची प्रत पुरेशी ठरते का, की सनदी लेखापालाचा दाखलाही जोडावा? तिथे दाद न लागल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात नेमका कोणाकडे अर्ज करावा? आणि 'आधी पैसे भरा, मग तक्रार करा' हा मिळालेला सल्ला मानून रक्कम भरली, तर वडिलांनी अपात्रता कबूल केली असा त्याचा अर्थ लावला जाईल का?