'जनुक संपादन'ला दुसरा शब्द आहे का?

मधुमालती: सिकलसेलवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजारावर, पालकांसाठी एक पत्रक लिहिते आहे, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत वाटायला. आजार काय, तपासणी कशी, आईबाप दोघेही वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, इथपर्यंत लिहून झालं. अडलंय शेवटच्या पानावर. तिथे दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत. एक, आजारी माणसाच्याच रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यात बदल करून परत सोडतात तो उपचार. ब्रिटन-अमेरिकेत २०२३ साली त्याला मान्यता मिळाली. दुसरी, गर्भ प्रयोगशाळेत असतानाच त्यात बदल करायचा, म्हणजे तो बदल पुढे त्या मुलाच्या मुलांनाही जाणार. दोन्हीकडे मी 'जनुक संपादन' (इंग्रजीतलं 'जीन एडिटिंग') लिहिलं होतं. कच्चा मजकूर एका पाड्यावर वाचून दाखवला, तर एका आजोबांनी विचारलं, "संपादन म्हणजे रस्त्यासाठी जमिनीचं करतात तसंच ना? मग पोराचं काय काढून घेणार?" शब्द सुचवा. छपाई पुढच्या आठवड्यात आहे.

शुद्धमती: आजोबांचं काही चुकलं नाही. संपादन म्हणजे मिळवणं. यश संपादन करतात, विश्वास संपादन करतात. संपादकाचं 'संपादन' वर्तमानपत्रांनी रूढ केलं. 'जनुकशोधन' घ्या. मुद्रितशोधनात चुका काढतात, तसंच हे.

चौकस: शोधन म्हटलं की लोक 'शोधणं' समजतील. संपादनाला आणखी एक पदर आहे. आमच्या आजोळी सोंगं निघायची, तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, सोंग घेतलं तर त्याची संपादणी नीट झाली पाहिजे. म्हणजे वठवणं. हा अर्थ आता कुणाला माहीत तरी आहे का?

नर्सताई: शुद्धमतीताई, शोधनात 'शुद्ध' आहे, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. माणसाच्या वंशाला शुद्ध करायची भाषा एकदा पत्रकात गेली की ती पुसता येत नाही. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे ते काय अशुद्ध?

शुद्धमती: धातूचा अर्थ आणि लोकांच्या मनातली भीती यांची गल्लत करू नका. अशी भीती धरली तर मराठीत एकही शब्द घडवता येणार नाही.

इंदिरानगरकर: साधा 'दुरुस्ती' शब्द का नको? माझ्या बहिणीचा मुलगा या आजाराचा आहे. दुखणं उठलं की पोरगं हातपाय पोटाशी घेऊन रात्रभर कण्हतं. त्याच्या रक्तात बिघाड आहे, तो दुरुस्त करायचा. त्याच्या आईला यात नीतीचा प्रश्न दिसत नाही आणि मलाही दिसत नाही.

मधुमालती: दादा, आधी मीही 'दुरुस्ती'च लिहिणार होते. पण मान्यता मिळालेल्या उपचारात जनुकातलं बिघडलेलं अक्षर दुरुस्त होतच नाही. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन (रक्तातला प्राणवायू वाहणारा पदार्थ) वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनायचं थांबतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. ते थांबवणाऱ्या जनुकाचा एक भाग या उपचारात निकामी करतात. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि पेशींचा विळा होणं कमी होतं. मूळ दोष आहे तिथेच राहतो. शिवाय ज्याला आपण दोष म्हणतो, तो एकाच पालकाकडून आलेला असेल तर गंभीर मलेरियापासून बराच बचाव करतो. म्हणून तर मलेरियाच्या पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. 'दुरुस्ती' म्हटलं की विचारायचं काही शिल्लकच राहत नाही. बिघडलेलं दुरुस्त करायला कोण नको म्हणेल?

इंदिरानगरकर: मान्य. पण माझ्या बहिणीला 'बदल' म्हणून सांगितलं तर ती घाबरेल.

द्राक्षबागवाला: पिंपळगावकडून लिहितोय. आम्ही डॉगरिज जातीच्या वेलीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी भरतो. मूळ एकाचं, घड दुसऱ्याचा. पण कलम केलं म्हणून वेलीच्या बियात काही उतरत नाही, जे आहे ते त्या वेलीपुरतं. तुमचा पहिला उपचार कलमासारखा, दुसरा बियाण्यात हात घालणारा. पेठचा माणूस शेतकरीच आहे. 'अंगापुरता बदल' आणि 'बियातला बदल' लिहा, एका वाक्यात कळेल.

मधुमालती: दादा, हे फार नेमकं आहे. 'बियातला बदल' घेतेच.

शुद्धमती: माणसाला बी कसलं? 'बीजपेशीय' म्हणा.

द्राक्षबागवाला: वारकऱ्यांच्या तोंडी 'शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी' आहेच की. माणसाचंच बोलणं आहे ते.

नर्सताई: आणि पुन्हा 'शुद्ध' आलंच. मी प्रसूतिगृहात नोकरी केली आहे. सोनोग्राफी आली तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, बाळात व्यंग आहे का ते लवकर कळेल. कळत होतंही. पण बाहेर लोकांनी तिचा उपयोग मुलगी आहे का ते बघायला केला. महाराष्ट्राला १९८८ साली कायदा करावा लागला, देशाचा कायदा १९९४ चा. यंत्र तेच, शब्दही तोच, 'तपासणी'. उद्या गर्भात आजारापुरता बदल करू म्हणतील आणि परवा रंग-उंचीवर येतील. आपल्याकडे वधू-वरांच्या जाहिरातीत काय मागतात ते बघा, म्हणजे गर्भात काय मागतील ते कळेल. गर्भसंस्काराच्या धर्तीवर 'जनुकसंस्कार' म्हणा असं कुणी सुचवायच्या आत सांगते, नको. संस्कार म्हटलं की आपली मान आपोआप डोलते.

देवळालीकर: पेपरवाले 'डिझायनर बेबी' लिहितात त्याला मी 'बेतीव बाळ' सुचवतो. कापड बेततात ना, तसं. चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये जुळ्या मुलींबाबत तेच केलं होतं.

मधुमालती: तिथे बाप एचआयव्हीबाधित होता, म्हणून त्या विषाणूला दार बंद व्हावं असा बदल गर्भात केला. पण वीर्य धुऊन घेऊन असा संसर्ग टाळण्याची पद्धत आधीच होती, त्या मुलींवर प्रयोग करायची गरजच नव्हती. २०१९ च्या डिसेंबरात तिथल्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत असल्या प्रयोगाला मनाई आहे. पण 'बेतीव बाळ' मी लिहिणार नाही. दोष बेतणाऱ्याचा आणि नाव चिकटणार बाळाला. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, हर्षा नावाची मुलगी जन्मली. तिला आजही 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणूनच ओळखतात, मोठी बाई झाली तरी. त्या जुळ्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या मुलांनाही कुणी विचारलेलं नसेल. शब्द कृतीला द्या, लेकराला नको.

देवळालीकर: पटलं. मग 'गर्भ बेतणं' असं क्रियापद ठेवू. 'जिवावर बेतणं' पण त्यातच येतं.

चौकस: ते 'बेतणं' आणि कापडाचं 'बेतणं' एकच आहे का? मला शंका आहे. आणि बियाण्यावरून आठवलं, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातला वाण म्हणजे बियाण्याचं वाण का? तसं असेल तर म्हणीतच तुमचा फरक आला. वाण आतला, गुण संगतीचा.

शुद्धमती: अजिबात नाही. तो वाण म्हणजे वर्ण, बैलाचा रंग. संक्रांतीचं वाण तिसरंच, ते वायनावरून.

द्राक्षबागवाला: ताई, आमच्याकडे बैल विकत घेताना 'वाण बघ' म्हणतात तेव्हा कुणी नुसता रंग बघत नाही. खांदा, खूर, चाल, आईचं दूध, सगळं त्यात येतं.

शुद्धमती: ते नंतरचं. शिवाय रंगाचा वाण पुल्लिंगी, बियाण्याचं वाण नपुंसकलिंगी. मग एकच शब्द कसा?

द्राक्षबागवाला: आमच्या गावात 'हा वाण चांगला' असंच म्हणतात, बियाण्यालासुद्धा.

चौकस: सिन्नरकडे मी 'हे वाण' ऐकलंय. निफाड-दिंडोरीचे कुणी आहेत का इथे?