पोरगा का पोरगी, हे बाईच्या हातात असते का? एक्स-वाय नीट समजावून सांगा

दारव्ह्याकडचा:
माह्या बहिणीले दुसरी पोरगी झाली. दोघींची तब्येत चांगली हाय, पण सासू तिलेच बोलून राह्यली का हिच्यातच कमी हाय म्हणून. शाळेत एक्स अन् वाय वाचलं होतं तेवढंच आठवते. बाईच्या अन् पुरुषाच्या गुणसूत्रात नेमका फरक काय असते? रविवारी तिच्या सासरी जाऊन बोलायचं हाय मले, अर्धवट बोलून जमणार नाही.

विज्ञानवाला_वाशीम:
भाऊ, बरं केलं विचारलं. पेशीत 46 गुणसूत्रं (आई-बापाचे गुण लेकरात नेणारे बारीक धागे), म्हणजे 23 जोड्या, त्यातल्या 22 बाईत अन् पुरुषात सारख्याच. शेवटची वेगळी, बाईची एक्स-एक्स, पुरुषाची एक्स-वाय. बीज (बाईचं अंडं, पुरुषाचा शुक्राणू) तयार होताना जोडीतलं एकच त्यात जाते, आईजवळ दोन्ही एक्सच हायेत त ती वाय देईन कुठून? बापाच्या शुक्राणूंत जवळपास निम्म्यात एक्स, निम्म्यात वाय, एक्सवाला पोचला त पोरगी, वायवाला पोचला त पोरगा. हे शोधलं ते बी एका बाईनं, नेटी स्टीव्हन्स, अमेरिकेत 1905 मध्ये, पिठातल्या किड्यांवर.
एक्स मोठा, त्यावर 800 च्या वर जनुकं (एकेका गुणाची माहिती असलेले तुकडे), वाय त्याच्या निम्म्याहून लहान. पण त्यावर एसआरवाय नावाचं जनुक हाय, 1990 मध्ये सापडलं. सहा-सात आठवड्यांपर्यंत गर्भ पोराचा असो का पोरीचा, सारखाच दिसते, मंग हे जनुक चालू झालं का वृषणं बनाले लागतात.
अन् भाऊजीले दोषी धरू नका बरं, कोणता शुक्राणू पोचन हे त्याच्याबी हातात नाही.

गावची_नर्सताई:
माझं एकच सांगणं, तिले कोणी "पोरगा व्हायची पुडी" आणून दिली त घेऊ देऊ नका. पाळी चुकल्यावर देतात ते, अन् एक्स का वाय हे त गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असते, पुडी काय बदलवणार! वरून पोटातल्या लेकराले अपाय व्हायची भीती. गर्भलिंग तपासणी त गुन्हाच हाय, 1994 चा कायदा हाय.

दारव्ह्याकडचा:
लय आभार दोघायचे. ताई, अजून एक, आमच्या नात्यात सिकलसेल हाय, तो रक्ताचा आजार, तो बी एक्सवरच असते का?

गावची_नर्सताई:
नाही, ते 11 नंबरच्या गुणसूत्रावर, म्हणून पोरापोरीत सारखंच. आई-बाप दोघंही वाहक (स्वतःले आजार नाही, पण बिघडलेलं एक जनुक अंगात) असले त दर खेपेले चारातून एक शक्यता लेकराले आजार व्हायची. एक्सवरचं म्हणजे लाल-हिरवा रंग न ओळखू येणं, हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठणं), ते पोरायमध्ये जास्त, कारण त्यायच्याजवळ दुसरा एक्स नसते सांभाळाले. बहिणीची अन् भाऊजीची सिकलसेल तपासणी झाली नसन त सरकारी दवाखान्यात करून घ्या, पोरींची बी.